आळसावर जपानी उपाय: मनाआधी जागा आवरा

साताऱ्याच्या एमआयडीसीत किंवा सांगलीजवळच्या कुपवाडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना 'फाइव्ह एस' (कामाची जागा आवरण्याची जपानी रीत) आणि 'कायझेन' (रोज छोटी सुधारणा) हे शब्द नवे नाहीत. शॉप फ्लोअरवर पिवळे पट्टे मारलेले असतात, पान्यांच्या जागा ठरलेल्या असतात, शिफ्ट सुटताना मशीन पुसायची असते. हाच माणूस घरी आला की गाडीची किल्ली शोधण्यात दहा मिनिटं घालवतो, लाइट बिल उद्यावर ढकलतो आणि फिरायला जायचं 'सोमवारपासून' ठरवतो. माणूस तोच, हातही तेच. कारखान्यात काम सुरू करायला लागणारी वस्तू समोर मांडलेली असते. घरी सुरुवातच शोधाशोधीपासून होते, आणि तिथंच अंग जड होतं.

आपण ज्याला आळस म्हणतो त्यातला मोठा भाग हा सुरुवातीचा जडपणा असतो. एकदा भांडी घासायला घेतली की ती घासून होतात. सिंकपाशी जाईपर्यंतच जिवावर येतं. जपानी कामाच्या पद्धती नेमक्या याच जागी उपयोगी पडतात. मनाला उपदेश करण्यापेक्षा त्या वस्तू, वेळ आणि पहिली पायरी बदलायला सांगतात. खालच्या सवयी एकदम सगळ्या सुरू करू नका. पहिल्या दोन वाचा, त्यातली एक निवडा, पंधरा दिवस तेवढीच करा.

त्याआधी एक तपासणी. रात्री सात-आठ तास झोपूनही दिवसभर थकवा राहत असेल, जिना चढताना दम लागत असेल, वजन कारण नसताना वाढत किंवा घटत असेल, किंवा घोरणं जास्त असून सकाळी डोकं जड राहत असेल, तर तो आळस नसू शकतो. डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12 आणि डी जीवनसत्त्व यांतल्या कोणत्या तपासण्या लागतील ते विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, आवडीचं कामही नकोसं झालं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी मोफत आहे. अशा माणसाला 'आळशी' म्हणणं हा अन्याय आहे, आणि घरच्यांनी तो आधी थांबवावा.

रात्रीची दहा मिनिटं

जपानी कारागिरांत 'दांदोरी' असा एक शब्द आहे. काम सुरू करण्याआधीची मांडामांड, म्हणजे दांदोरी. आठ भाग मांडणी आणि दोन भाग काम, असं तिथले जुने कारागीर सांगतात. आपल्याकडं लेथवरचे टर्नर आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचे कामगार याला 'सेटिंग' म्हणतात. सेटिंग नीट झालं की जॉब पटापट निघतात, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात तर ही दांदोरी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. रात्री मटकी भिजत घातलेली असली की सकाळी 'आज उसळ करायचा कंटाळा आला' असं सहसा होत नाही. काम अर्धं होऊन पडलेलं असतं, ते पुढं न्यावंच लागतं. मेथी निवडून ठेवलेली असली तर भाजी पंधरा मिनिटांत होते. जुडी तशीच असली तर तीच मेथी दोन दिवस फ्रिजमध्ये पडून पिवळी होते. ही युक्ती बाकीच्या कामांना लावायची.

कृती अशी. रात्री जेवणं आटोपल्यावर, झोपायच्या निदान अर्धा तास आधी, मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा. उद्याची फक्त तीन कामं निवडा आणि प्रत्येक कामाला लागणारी पहिली वस्तू बाहेर काढून ठेवा. फिरायला जायचं असेल तर बूट, त्यात मोजे खोचलेले, दाराशी. अभ्यास करायचा असेल तर टेबलावर पुस्तक त्याच पानावर उघडं, वर पेन, पेनाचं टोपण काढलेलं नको पण पेन चालतंय हे बघून ठेवलेलं. बँकेत जायचं असेल तर पासबुक, आधारची प्रत आणि भरलेला फॉर्म एका पिशवीत. फॉर्म 'तिथं जाऊन भरू' असं ठेवलं की निम्म्या वेळा जाणंच होत नाही.

या पिशवीला अजून एक जोड देता येते. 1961 साली शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यांनी एका जपानी कारखान्यातली अडचण सोडवली. तिथं छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. त्यांनी 'लक्ष द्या' अशी पाटी लावली नाही. आधी दोन स्प्रिंगा मोजून एका ताटलीत काढायच्या, मग बसवायला घ्यायचं, एवढंच केलं. स्विच बंद करताना ताटलीत स्प्रिंग उरलेली दिसली, की चूक तिथंच कळे. पुढं या विचाराला 'पोका-योके', म्हणजे चूक टाळणारी सोय, असं नाव मिळालं.

घरी उंबऱ्याजवळच्या फळीवर एक स्टीलची ताटली ठेवा. उद्या बाहेर न्यायच्या वस्तूंऐवजी चिठ्ठ्या टाकत बसू नका, वस्तूच ठेवा: किल्ली, गोळ्यांची पट्टी, भरायचं बिल, शिवायला द्यायच्या ब्लाउजचं माप. निघताना ताटली रिकामी दिसली पाहिजे. फसतं कुठं, तर ताटलीत कायमच्या वस्तू साठू लागतात: सुटे पैसे, जुनं बॅटरी सेल, लग्नपत्रिका. मग तिच्याकडं नजर जात नाही. दररोज रात्री ताटली उपडी करून पुन्हा भरायची, हा नियम मोडू नका. आणि ताटली छोटीच घ्या. परात घेतलीत की तिचं कपाट होतं.

दहा मिनिटं संपली की थांबायचं, मांडामांड अर्धी राहिली तरी. नाहीतर ही आवराआवर तासभर चालते, झोप जाते आणि चौथ्या दिवशी तिचाही कंटाळा येतो.

एका मिनिटाची पायरी

कायझेनमधलं 'काई' म्हणजे बदल, 'झेन' म्हणजे चांगला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांत ही पद्धत वाढली आणि टोयोटामुळं जगभर पोचली. मोठी यंत्रं घ्यायला पैसा नव्हता, म्हणून आहे त्या कामात रोज छोटी सुधारणा करायची. 'दररोज एकच मिनिट करा' असा नियम कारखान्यातल्या कायझेनमध्ये नाही. घरगुती सवयींसाठी लोकांनी नंतर काढलेला तो सोपा अर्थ आहे, पण उपयोगाचा आहे, म्हणून तो नीट कसा वापरायचा ते पाहू.

साताऱ्यात एक जानेवारीला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वर्षभर न चाललेला माणूस पहिल्याच दिवशी अजिंक्यतारा चढतो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, तिसऱ्या दिवशी गजर बंद करून कूस बदलली जाते. जपानी भाषेत अशा माणसाला 'मिक्का बोझू' म्हणतात, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू. आपण 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतो, म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा सहा दिवसांची सूट दिलेली आहे! दुखणं मात्र एकच: पहिल्या दिवशीचा उत्साह बघून पायरी ठरवली जाते. पायरी ठरवायची ती सगळ्यात वाईट दिवस डोळ्यासमोर आणून. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला घरी आलात, पाऊस आहे, डोकं दुखतंय. त्या दिवशीही जे होईल तेवढीच पायरी.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचं उदाहरण घेऊ, कारण अभ्यासिकेत जागा धरून बसलेल्या मुलांचाही पहिला अर्धा तास मोबाइलवर जातो.

पहिले सात दिवस: सकाळचा चहा झाला, कप विसळून पालथा घातला, की लगेच खुर्चीत बसायचं आणि एक परिच्छेद वाचायचा. एकच. वाचून झाला की पुस्तक मिटायचं. वाटलं तरी पुढं जायचं नाही. हे विचित्र वाटेल, पण पहिल्या आठवड्यात अभ्यास हा हेतूच नसतो; कप पालथा घालणं आणि खुर्चीत बसणं यांची गाठ बांधायची असते. पहिल्याच दिवशी दोन तास बसलात तर दुसऱ्या दिवशी मनाला खुर्ची म्हणजे दोन तास असं दिसतं आणि ते पाय मागं घेतं.

आठव्या दिवसापासून पाच मिनिटं. पंधराव्यापासून पंधरा मिनिटं आणि वाचलेल्यावर दोन ओळींचं टिपण. चौथ्या आठवड्यात पंचवीस मिनिटं, मग पाच मिनिटं उठून पाणी पिणं. त्यापुढं वेळ वाढवत न्या, पण किमान पायरी तीच, एक परिच्छेद. जत्रेचा दिवस असो की घरात आजारपण, एक परिच्छेद झाला तर तो दिवस भरला, असं मानायचं.

गाठ कशाशी बांधायची, यात बरेच जण चुकतात. 'सकाळी सात वाजता' ही कच्ची गाठ. सात वाजता पाहुणे आले की ती सुटली. रोज न चुकता घडणारी आणि संपल्याचं स्पष्ट कळणारी क्रिया घ्या: दात घासून ब्रश ठेवणं, देवापुढं दिवा लावणं, दुकानाचं शटर उघडणं, धार काढून कॅन झाकणं. 'जेवणानंतर' हेही ढिलं आहे, कारण जेवण कधी संपलं ते कुणालाच कळत नाही. 'ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं की' असं म्हणा.

आणि 21 दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात एखादी साधी कृती आपोआप व्हायला मध्यम मानाने 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला अंदाजाने 254. जेवताना ग्लासभर पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. त्यामुळं बाविसाव्या दिवशी अजून कंटाळा येत असेल तर तुमच्यात खोट नाही, इतकंच की वेळ अजून भरलेली नाही.

फाइव्ह एस, पण एका वर्तमानपत्राएवढ्या जागेत

सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके: रोमन लिपीत 'एस'नं सुरू होणारे पाच जपानी शब्द. म्हणजे नको ते काढणं, हवं त्याला जागा देणं, पुसणं, ठरलेली रीत पाडणं आणि ती टिकवणं. कारखान्यात हे सगळेजण मिळून, ठरलेल्या वेळेत करतात. घरी रविवारी एकटा माणूस कपाट उपसायला घेतो, दुपारी बारापर्यंत पलंगावर ढीग होतो, एकला भूक लागते आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून सगळं पुन्हा आत कोंबलं जातं. त्यानंतर वर्षभर कपाटाला हात लागत नाही. चूक पद्धतीची नाही, क्षेत्रफळाची आहे.

म्हणून पहिल्यांदा जागा निवडायची ती उलगडलेल्या वर्तमानपत्राएवढी: अभ्यासाचं टेबल, गॅसशेजारचा ओटा, दुकानाचा गल्ला, किंवा ज्या स्टुलावर सगळे येता-जाता काहीतरी टाकतात ते स्टूल. वेळ एकूण चाळीस मिनिटं.

पहिली पंधरा मिनिटं निवडीची. जागेवरचं सगळं खाली जुन्या चादरीवर उतरवा आणि तीन वाटे करा: या जागी रोज लागतं ते, दुसऱ्या खोलीचं, आणि शंकेचं. टाकायच्या वस्तू थेट पिशवीत. इथं एक काळजी घ्या: दुसऱ्या खोलीची वस्तू सापडली म्हणून ती ठेवायला उठू नका. कात्री ठेवायला आत गेलात की तिथलं काहीतरी दिसतं, मग तेच आवरलं जातं आणि इकडचं टेबल तसंच. सगळं शेवटी एकदम न्या.

शंकेच्या वाट्यासाठी कारखान्यातली 'रेड टॅग'ची रीत वापरा. एक पुठ्ठ्याचा खोका, त्यावर लाल स्केचपेननं आजची तारीख. जुने चार्जर, अर्धी वही, 'लागेल कधीतरी' अशी प्रत्येक वस्तू त्यात. खोका माळ्यावर टाकू नका, डोळ्यासमोर पण वाटेत येणार नाही असा ठेवा. तीस दिवसांत जे उघडून घेतलं ते परत आलं. बाकीचं भंगारवाल्याला किंवा ज्याला उपयोगी त्याला. कागदपत्रं, पावत्या, सातबारा, औषधाच्या फायली आणि आईवडिलांच्या आठवणीच्या वस्तू या खोक्यात कधीच घालू नयेत. घरातल्या दुसऱ्या माणसाची वस्तू त्याला न विचारता तर मुळीच नको. फाइव्ह एसवरून घरात भांडणं होतात ती इथंच.

पुढची दहा मिनिटं जागा ठरवायची. खुर्चीत बसा आणि हात लांब न ताणता जिथवर पोचतो तिथवर फक्त रोजच्या वस्तू. आठवड्यातून एकदा लागणारं खणात. कारखान्यात फळ्यावर पान्याची बाह्यरेषा काढलेली असते, त्यामुळं पाना जागेवर नसला की रिकामी आकृती ओरडून सांगते. घरी चष्मा, किल्ली आणि रिमोट यांच्या जागी रंगीत चिकटपट्टीची चौकट करून बघा. लहान मुलं तर हे खेळासारखं पाळतात.

मग दहा मिनिटं पुसणं. सेइसो म्हणजे चकाकी आणणं एवढंच नाही, पुसता पुसता तपासणं. मशीन पुसताना ऑइल गळती दिसते, तशी ओटा पुसताना गॅसच्या रबरी पाइपची चीर दिसते, त्यावर छापलेली मुदत संपली आहे का हेही कळतं. टेबल पुसताना सैल झालेला प्लग सापडतो. ओल्या फडक्यानं पुसण्याआधी विजेच्या वस्तूंचं बटन बंद करा.

उरलेली पाच मिनिटं चौथ्या आणि पाचव्या 'एस'ला. आवरलेल्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा, शक्य असेल तर त्याची प्रत भिंतीला लावा. 'टेबल नीट ठेव' या वाक्याचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. फोटोत तो एकच राहतो. रोज उठताना दोन मिनिटं, जागा फोटोसारखी करायची. ही दोन मिनिटं जमेपर्यंत दुसरी जागा हातात घेऊ नका. दहा दिवस टेबल टिकलं, तरच ओटा.

हे मुलांना लहानपणीच लागलं तर बरं. जपानमध्ये बहुतेक शाळांत मुलं स्वतः वर्ग आणि जिने पुसतात. आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात चालू केलेल्या बोर्डिंगमध्येही मुलं झाडलोट आणि स्वयंपाक आपल्या हातानं करत. हे परक्या देशाचं नवल नाही, इथल्याच मातीतली रीत आहे, मध्येच सुटलेली.

तीन मिनिटांचा व्यायाम

जपानमध्ये 1928 पासून रेडिओवर 'राजिओ ताइसो' नावाची कवायत लागते. आजचा प्रकार 1951 पासूनचा: पियानोच्या ठेक्यावर 13 हालचाली, सुमारे तीन मिनिटं, पहाटे साडेसहाला. उन्हाळी सुट्टीत मुलं गळ्यात कार्ड अडकवून मैदानावर जातात आणि कवायत झाली की त्यावर शिक्का मिळतो.

ही कवायत पहिल्यांदा सुरू झाली साधारण त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रुजवत होते. त्यामुळं साताऱ्याच्या माणसानं कवायत घ्यावी की नमस्कार, हा प्रश्न आवडीचा आहे. नमस्कार येत असतील तर सावकाश चार घाला, तीन मिनिटं होतात. सांधे आखडलेले असतील, पोट सुटलेलं असेल किंवा वय झालेलं असेल तर कवायत सोपी, कारण ती उभ्यानं होते आणि जमिनीवर हात टेकावे लागत नाहीत.

क्रम ढोबळपणे असा: हात वर ताणून खाली सोडणं, हात झुलवत गुडघे थोडे वाकवणं, खांद्यातून हात फिरवणं, छाती उघडणं, कुशीवर वाकणं, दोन्हीकडं, पुढं आणि मागं वाकणं, कमरेतून वळणं, हात खांद्यापर्यंत आणून जोरात वर आणि खाली, तिरकं खाली वाकून छाती उघडणं, कमरेतून मोठं वर्तुळ, जागेवर उड्या, पुन्हा हात-गुडघे, शेवटी दीर्घ श्वास. प्रत्येक हालचाल आठ-सोळा ठोक्यांची. गुडघेदुखी किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी उड्या गाळून टाचा उचलाव्यात आणि मागं वाकू नये. खुर्चीत बसूनही हे करता येतं, जपानमध्ये म्हातारी माणसं तसंच करतात. बीपी किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून.

अंथरुणातून उठल्यावर तोंड धुतलं की लगेच, आणि मोबाइलचं इंटरनेट चालू करण्याआधी. गाणं आधीच उतरवून ठेवलेलं हवं. 'व्हिडिओ लावतो' म्हणून यूट्यूब उघडलं की तीन मिनिटांची वीस होतात आणि हात एकदाही वर जात नाही.

दुपारची झापड

सांगलीत एप्रिलच्या दुपारी जेवून उठल्यावर काम सुचत नाही, यात नवल काही नाही. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीराचं घड्याळच थोडं मंदावतं. त्यावर भरपेट जेवण झालं की दुपार गेलीच. जपानच्या ओकिनावा बेटावरची वडीलधारी माणसं जेवताना 'हारा हाची बू' म्हणतात: पोट दहातले आठ भाग. आपल्याकडं 'दोन घास कमी खा' म्हणतात तेच.

ऐंशी टक्के मोजायचं कसं? पोटाला विचारून कळत नाही, पोट उशिरा सांगतं. ताटात वाढतानाच मोजा. तीन भाकरी खात असाल तर अडीच घ्या, आमटी आणि पालेभाजी तेवढीच ठेवा, भात अर्धा. संपल्यावर दहा मिनिटं थांबा. अजून अर्धी भाकरी सहज जाईल असं वाटत असतानाच हात धुवायचे. चार दिवस चुकल्यासारखं होतं, मग दुपारी डोळे मिटेनासे होतात. शेतात किंवा फाउंड्रीत अंगमेहनत करणाऱ्यांनी मात्र पोट मारू नये. त्यांनी एकदम खाण्याऐवजी दोन वेळा विभागून खावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका.

डुलकी घ्यायची तर तीनच्या आत आणि वीस मिनिटं. जपानच्या आरोग्य मंत्रालयानं 2014 साली झोपेविषयी मार्गदर्शन केलं, त्यातही दुपारची झोप तीस मिनिटांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. खुर्चीत बसून घ्या. गादीवर आडवं झालं की वीस मिनिटांचे दीड तास होतात, आणि त्या गाढ झोपेतून उठल्यावर संध्याकाळपर्यंत डोकं जड राहतं.

बोट दाखवून बोलणं

जपानी रेल्वेचे चालक सिग्नलकडं बोट करून मोठ्यानं बोलतात, त्याला 'शिसा कांको' म्हणतात. मिरज जंक्शनवरून सुटणाऱ्या गाडीतले लोको पायलट आणि त्यांचे सहायकही एकमेकांना सिग्नल पुकारून सांगतात. हेतू एकच, डोळे, हात आणि तोंड एका कामावर आणणं. चालढकल सुरू झाली की हे वापरा. वहीकडं बोट करून म्हणा, 'वही उघडली, तारीख टाकली.' मोबाइल उचलताना म्हणा, 'बिल भरायला घेतला.' बोललं नाही तर तोच हात नकळत रील्सवर जातो. चारचौघांत लाज वाटत असेल तर पुटपुटलं तरी चालतं.

पाच वेळा 'का'

टोयोटा उद्योगाचे मूळ पुरुष साकिची तोयोदा यांच्या नावानं ही रीत ओळखली जाते. सवय दोन आठवड्यांत मोडली की कागद घ्या आणि असं लिहा.

सकाळी फिरायला गेलो नाही. का? उशिरा उठलो. का? बारा वाजता झोपलो. का? अंथरुणात मोबाइल बघत होतो. का? तो उशाशी चार्जिंगला असतो. का? झोपायच्या खोलीतला प्लग पलंगाशेजारीच आहे आणि बाहेरच्या खोलीतल्या प्लगला टीव्ही-इन्व्हर्टर लावलेला आहे.

उपाय निघाला: बाहेरच्या खोलीसाठी एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ. 'का?'चं उत्तर 'मी मुळातच आळशी आहे' असं आलं तर ते खोडून पुन्हा लिहा. उत्तर नेहमी वस्तू, वेळ किंवा जागा असावं, कारण बदलता येतात त्या याच तीन गोष्टी.

आता जपानच्या नावावर खपवलं जाणारं थोडं बाजूला काढू. 'इकिगाई'ची चार वर्तुळांची आकृती जपानी नाही. जपानी माणूस सकाळच्या चहालाही इकिगाई म्हणू शकतो. जगण्याचं उद्दिष्ट सापडेपर्यंत भांडी घासायची थांबू नका. पंचवीस मिनिटांची 'पोमोडोरो' पद्धत इटालियन आहे, चांगली आहे, वापरा. आणि अतिकामानं येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत 'कारोशी' असा वेगळा शब्द आहे, तो रोखण्यासाठी तिथं 2014 साली कायदा करावा लागला. तिथली मांडणी घ्या, रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसणं घेऊ नका. आठवड्यातून एक दुपार काहीही न करता भडंग खात कृष्णेच्या घाटावर बसणं हा आळस नव्हे, ती ठरवून घेतलेली विश्रांती आहे.

शिक्का आणि रविवारचा हिशोब

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी किमान पायरी झाली त्या तारखेवर ठिपका द्या. मुलांना खरा शिक्का आणून द्या. एक दिवस चुकला तर चौकट रिकामी सोडा, दंड नको आणि दुसऱ्या दिवशी दुप्पटही नको. दुप्पट भरपाई करणारा तिसऱ्या दिवशी बहुतेक सुटतो. फक्त सलग दोन रिकाम्या चौकटी होऊ द्यायच्या नाहीत.

रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं 'हानसेई', म्हणजे झाल्या गोष्टीचा शांतपणे विचार. तीन ओळी लिहा: कोणत्या दिवशी राहिलं, त्या दिवशी काय वेगळं होतं, आणि पुढच्या आठवड्यासाठी कोणती एक वस्तू हलवायची. ठिपके पाच किंवा जास्त असतील तर पायरी तशीच ठेवा किंवा थोडी वाढवा. तीन-चार असतील तर गाठ बदला, पायरी नको. दोन किंवा कमी असतील तर पायरी अर्धी करा: एका परिच्छेदाऐवजी नुसतं पुस्तक उघडून खुर्चीत बसणं, चार नमस्कारांऐवजी एक, टेबलाऐवजी टेबलाचा एक कोपरा. सोमवारी सकाळी तेवढंच, आणि त्यासाठी लागणारी वस्तू रविवारी रात्रीच काढून ठेवलेली.